नव्या गाडीच्या तेलात चमचम दिसली, तर…

मैत्रिणींनो, घरात गाडी आली की तिची कामे आपोआप वाटली जातात. नारळ फोडून हळदकुंकू वाहायचे ते आपण, सीटवर सांडलेले दूध पुसायचे तेही आपण. बॉनेट उघडले की मात्र दोन पावले मागे सरून म्हणायचे, "ते ह्यांचं खातं, बाई!" मीही अगदी परवापरवापर्यंत त्यातलीच होते. गाडी चालवायला शिकले ती चाळिशी उलटल्यावर, आणि तीही गरज पडली म्हणून. हे नोकरीनिमित्त खोपोलीला असतात, घरी येतात ते शनिवारी रात्री. चिपळूणला मी, अकरावीतली मुलगी आणि माझे सासरे. अण्णांना हृदयाचा त्रास आहे. महिन्यातून एकदा त्यांना कराडला डॉक्टरांकडे न्यावे लागते, म्हणजे कुंभार्ली घाट आलाच. पावसाळ्यात या घाटात धुके असे उतरते की पुढच्या ट्रकचे लाल दिवे तेवढे दिसतात. अशा जागी गाडी अडली आणि शेजारच्या सीटवर ऐंशीचे अण्णा बसलेले असले, तर काय करायचे? हा विचार मी मुद्दामच कधी केला नव्हता. एका दुपारी तो करावा लागला. त्याचीच ही हकिगत, आणि त्यातून मी जे शिकले ते तुमच्यासाठी.

काळ्या तेलातली जर

श्रावणातली गोष्ट. गाडीला दोन वर्षे पुरी व्हायला थोडे दिवस उरले होते आणि काट्यावर एकोणीस हजार किलोमीटर झाले होते. पहिल्या वर्षी एकदा तेल बदललेले होते, आता दुसऱ्यांदा बदलायचे होते. घाटावर जायचेच आहे तर एका फेरीत दोन कामे उरकावीत, म्हणून अण्णांना दवाखान्यात सोडले, मुलीला त्यांच्यापाशी बसवले आणि मी गाडी घेऊन कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला गेले. सेंटरचे नाव-गाव सांगत नाही, त्याची गरजही नाही.

तिथे बसायला गार खोली, समोर मोठी काच, काचेपलीकडे गाड्या वर उचललेल्या. आमच्या गाडीखाली उभ्या असलेल्या मुलाने पान्याने खालचा बोल्ट सोडवला आणि काळ्या तेलाची धार खालच्या भांड्यात पडू लागली. बाजूच्या शटरमधून तिरपे ऊन आत आले होते. ते त्या धारेवर पडले आणि मला दिसले, धार नुसती काळी नव्हती. काळ्या चंद्रकळेवर जरीची बारीक टिकली चमकावी तसे काहीतरी तीत चमकत होते.

मी उठून बाहेर गेले. "दादा, त्या तेलात काय चमकतंय हो?"

"काय नाय मॅडम, बुडबुडं हायत."

तेवढ्यात काउंटरवरचा तरुण धावत आला. "मॅडम, इकडे यायला परवानगी नाही. आणि नव्या गाडीत ते असतंच. टेन्शन घेऊ नका."

आता बघा, एकाच मिनिटात मला दोन उत्तरे मिळाली, आणि दोन्ही वेगळी! बुडबुडे असतील तर ते 'असतंच' कशाला म्हणायचे? आणि असतंच, तर ते बुडबुडे कसे? मी पर्समधला पांढरा कागदी रुमाल काढला, त्यावर तेलाचे चार थेंब घेतले आणि खोलीत येऊन तो उन्हात धरून बसले. बुडबुडे असते तर दहा मिनिटांत विरून गेले असते. तेल कागदात पसरले, डाग फिका झाला, पण चमचम जागची हलली नाही.

निघताना मी एक गोष्ट मात्र केली, आणि तीच पुढे उपयोगी पडली. "जुना तेलाचा फिल्टर आमचाच ना? मग द्या पिशवीत घालून," म्हटले. त्या तरुणाने माझ्याकडे असे पाहिले की जणू मी कढीपत्त्याच्या काड्या परत मागते आहे. पण दिला.

अण्णांना घेऊन संध्याकाळी घाट उतरले. दर वळणाला इंजिनाचा आवाज ऐकत होते. अण्णा म्हणाले, "सूनबाई, आज रेडिओ नाही लावलास?" मी काहीच बोलले नाही.

रात्री ह्यांना फोनवर सांगितले. हे म्हणाले, "अगं, कंपनीची माणसं सांगतायत ना असतंच म्हणून? तुला काय कळणार तेलातलं?"

मी म्हटले, "तेलातलं मला नाही तर कुणाला कळणार? चकलीचं तेल कधी टाकून द्यायचं ते वीस वर्षं मीच ठरवतेय!"

टाकी लावलेल्या जात्याचे पहिले दळण

दुसऱ्या दिवशी पिशवी घेऊन आमच्या आळीतल्या जुन्या मिस्त्रीकाकांकडे गेले. चाळीस वर्षे गाड्या दुरुस्त केलेला माणूस. त्यांनी कागदी रुमाल चष्म्याजवळ नेऊन पाहिला आणि मला उलटाच प्रश्न केला.

"वहिनी, गिरणीला टाकी लावल्यावर पहिलं दळण तुम्ही घेता का?"

"छे हो, कचकच लागते की पिठात. दुसऱ्या दिवशी नेते मी दळण."

"बस. तेच आहे हे."

मैत्रिणींनो, एवढ्या एका वाक्यात सगळे इंजिन आले, बरं का! दगडाला नवी टाकी लावली की त्याचे कंगोरे पहिल्या दळणात झडतात. जाते काय, पाटा-वरवंटा काय, आपल्या आया-आज्या टाकी लावल्यावर आधी कोंडा किंवा जाडेभरडे धान्य वाटून टाकून देत आणि मगच चटणी वाटायला घेत. नव्या इंजिनाचेही तसेच. आत जे भाग एकमेकांवर घासतात, म्हणजे सिलिंडरची भिंत आणि पिस्टनवरच्या कड्या, ते कितीही बारकाईने घडवलेले असले तरी त्यांच्यावर डोळ्यांना न दिसणारे कंगोरे असतातच. पहिल्या हजार-दोन हजार किलोमीटरमध्ये ते झडतात, भाग एकमेकांत बसतात आणि झडलेली धूळ तेलात उतरते. पूर्वी इंग्लंडात नव्या गाडीच्या मागच्या काचेवर 'रनिंग इन' अशी पाटी लावत, ती यासाठीच. गाडी अजून नवी आहे, हळू चालली आहे, तुम्ही पुढे जा!

म्हणून पहिल्या वेळी काढलेल्या तेलात चंदेरी झाक दिसली तर घाबरायचे कारण नसते. पिठासारखी बारीक, बोटांत चोळली तर हाताला न लागणारी झाक. काउंटरवरचा तरुण सांगत होता ते सर्वस्वी खोटे नव्हते.

"पण काका, आमचं हे दुसरं तेल," मी म्हटले.

काकांनी मान हलवली. "म्हणूनच तर विचारलं. पहिल्या दळणात कचकच असते. दुसऱ्यात कमी हवी, तिसऱ्यात नको. दुसऱ्यात वाढली तर ती टाकीची कचकच नव्हे, दगड फुटतोय."

हे वाक्य मी वहीत लिहून ठेवले. तुम्हीही ठेवा. या सगळ्या लेखात लक्षात ठेवण्यासारखे एवढेच आहे.

फिल्टरच्या निऱ्या

तेलाचा फिल्टर म्हणजे एक पत्र्याचा डबा असतो आणि त्यात कागदाच्या बारीक निऱ्या घातलेल्या असतात. तेल त्यातून गाळून जाते. पीठ चाळल्यासारखेच: अगदी बारीक ते खाली उतरते, जाड ते चाळणीत राहते. म्हणून तेलात जे दिसते ते अर्धेच, खरी गोष्ट निऱ्यांत सापडते.

काकांनी आधी मला फिल्टरचे फोटो काढायला लावले, चारही बाजूंनी. मग बोल्टसारखा फिरवायचा कटर घेऊन, आपण मोठा डबा उघडतो तसे त्याचे तोंड कापले. मी विचारले, "करवतीने पटकन झालं नसतं?" म्हणाले, "करवतीचा भुसा आत पडला असता, मग कुणाचा लोखंडी भुसा तो कसं सांगणार?" किती साधी गोष्ट, पण मला सुचली नसती.

निऱ्या उलगडून पांढऱ्या थाळीत पसरल्या. तेल निथळू दिले. मग एक लोहचुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून त्यावरून फिरवला. पिशवीमुळे चिकटलेले कण नंतर झटकन वेगळे करता येतात. काही कण चुंबकाला लागले, बरेच लागले नाहीत. जे लागले नाहीत त्यांत दोन प्रकार होते: काही पांढरट, आणि काही तांबूस-पिवळे. नखाच्या टोकावर मावतील एवढे चपटे पापुद्रे. भाताच्या फोलपटासारखे.

काकांनी एकेक समजावून सांगितले. चुंबकाला लागतात ते लोखंड-पोलादाचे: पिस्टनच्या कड्या, सिलिंडरची बिडाची भिंत, आतली साखळी, दाती. चुंबकाला न लागणारे हलके पांढरे ते ॲल्युमिनियमचे: बहुधा पिस्टनचे. आणि तांबूस दिसले की पहिला संशय बेअरिंगवर. रबरासारखा मऊ, नखाने तुटणारा काळा-करडा तुकडा निघाला तर तो धातू नव्हेच. जोडणी करताना लावलेल्या लुकणाचा तो जादा भाग असतो.

बेअरिंग म्हणजे काय, ते सांगते. आपले पायाने चालवायचे शिवणयंत्र आठवा. पाय वरखाली होतो आणि चाक गोल फिरते, कारण मध्ये एक दांडा असतो. इंजिनात पिस्टन वरखाली होतो, खालचा क्रँक गोल फिरतो आणि मधला दांडा म्हणजे कनेक्टिंग रॉड. या दांड्याच्या खालच्या टोकाला दोन अर्धगोल वाट्या बसवलेल्या असतात, तेच बेअरिंग. पुष्कळ इंजिनांत या वाट्यांना आत मऊ धातूचा पातळ थर असतो आणि त्याखाली तांब्याच्या मिश्रधातूचा. अगदी आपल्या तांब्याच्या पातेल्याला कल्हई असते ना, तसे. कल्हई गेली की काय दिसते? तांबे. आणि आपण म्हणतो, आता या पातेल्यात आंबट करू नका.

क्रँक या वाट्यांना खरे म्हणजे टेकतच नाही. मध्ये तेलाचा पापुद्रा असतो, केसाहूनही पातळ, त्यावर तो तरंगत फिरतो. गाडी नुसती उभी असताना इंजिन मिनिटाला सात-आठशे फेरे घेते, घाट चढताना तीन हजारांच्या घरात. त्या पापुद्र्यात तेल कमी पडले की धातूवर धातू घासतो. आधी बारीक चमचम, मग पापुद्रे, मग खालून 'टक-टक-टक' असा आवाज. मग एक दिवस इंजिन जाम.

"वहिनी, तुम्ही घाट उतरून आलात?" काकांनी विचारले. मी हो म्हटले. "मग देवाची कृपा समजा. आता चावी कपाटात. नवं तेल घातलं म्हणून गाडी बरी झाली असं समजू नका. नवं तेल म्हणजे धुतलेलं फडकं, जखम आत आहेच. आणि मी इंजिनाला हात लावणार नाही. वॉरंटीतली गाडी आहे, त्यांनाच उघडू दे."

'असतंच', हे लिहून द्या

घरी येऊन वॉरंटीची पुस्तिका काढली. दोन वर्षांची मुदत. संपायला अठरा दिवस.

मी सेंटरला फोन केला. पुन्हा तेच, "मॅडम, नॉर्मल आहे. पुढच्या सर्व्हिसला बघू." पुढची सर्व्हिस म्हणजे एक वर्षाने! तोवर वॉरंटीचे तेरावे होऊन जायचे. मी मनात म्हटले, आता रागावून उपयोग नाही. भाजीवाल्याशी भांडताना आवाज चढवावा, पण कागदाच्या माणसाशी कागदानेच बोलावे.

तसे एक पत्र लिहिले. गाडीचा नंबर, किलोमीटर, तेल बदलल्याची तारीख, आधीच्या बदलाचे बिल, फिल्टरचे फोटो. आणि शेवटी एकच मागणी: "तेलात व फिल्टरमध्ये धातूचे कण सापडले आहेत. ते आपण तपासले असून नेहमीचे आहेत, आणि गाडी घाटात चालवण्यास सुरक्षित आहे, असे जॉबकार्डावर लिहून सही द्यावी." सेंटरला ई-मेल केला, कंपनीच्या ग्राहक विभागाला केला आणि पोचपावती मागितली.

बायांनो, तोंडाने दहा वेळा 'असतंच' म्हणणारा माणूस तेच लिहून द्यायची वेळ आली की थांबतो! तिसऱ्या दिवशी मॅनेजरचा फोन आला. गाडी चालवत आणू नका, आम्ही उचलून नेतो. सपाट ट्रकवर चढून आमची गाडी घाट चढली, तेव्हा आळीतली मुले बघायला जमली होती.

त्यांनी इंजिनाची खालची परात उतरवली. परातीच्या तळाला गाळात तसलेच पापुद्रे. वाट्या उघडल्या, तर एका वाटीची कल्हई साफ गेलेली आणि क्रँकवर ओरखडे. तेलाच्या वाटेत बारीक कण अडकून त्या बेअरिंगला तेल कमी पडत होते, असे कागदावर दोन ओळींत आले. इंजिनाचा खालचा सगळा भाग वॉरंटीत बदलून मिळाला. चोवीस दिवस गाडी नव्हती, अण्णांना एकदा भाड्याच्या गाडीने न्यावे लागले. पण पदरचा खर्च करायचा झाला असता तर लाखाच्या पुढे गेला असता. आणि घाटातले ते धुके… त्याची किंमत कशी करायची?

मोठ्या कारखान्यांतही होते

"एवढ्या मोठ्या कारखान्यात अशी चूक होईल कशी?" असे ह्यांना वाटत होते. तुमच्याही घरात कुणी म्हणेल. म्हणून दोन उदाहरणे सांगते. दोन्ही अमेरिकेतली आहेत, जाहीर झालेली आहेत आणि आमच्या गाडीशी त्यांचा काही संबंध नाही.

२०१५च्या सप्टेंबरात ह्युंदाईने अमेरिकेत विकलेल्या २०११ आणि २०१२ सालच्या सुमारे ४ लाख ७० हजार सोनाटा गाड्या तपासणीसाठी परत बोलावल्या. क्रँक घडवताना निघालेला धातूचा कीस पूर्ण साफ झाला नव्हता. त्यामुळे बेअरिंगचे तेल अडू शकत होते आणि चालत्या गाडीचे इंजिन बंद पडण्याचा धोका होता. २०२४च्या मे महिन्यात टोयोटाने अमेरिकेतल्या सुमारे १ लाख २ हजार गाड्या, २०२२ व २०२३च्या टुंड्रा आणि लेक्सस एलएक्स, अशाच कारणाने बोलावल्या: इंजिनात राहून गेलेला कीस. भांडे कितीही महागाचे असले तरी घरी आणल्यावर आपण ते धुऊनच वापरतो ना? कारखान्यातून आलेल्या वस्तूलाही एकदा डोळ्यांखालून घालावे, इतकेच.

आपल्याकडेही २०१९च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्याने सदोष गाड्या परत बोलावण्याचा आदेश देण्याचा अधिकार सरकारला मिळाला आहे. तुमच्या गाडीच्या कंपनीने असे काही जाहीर केले असेल तर चासी नंबर घालून कंपनीच्या संकेतस्थळावर किंवा फोनवर विचारता येते. वर्षातून एकदा विचारून ठेवावे.

आपल्याला काय पाहता येते?

यात अंगमेहनत काहीच नाही. पोळ्या झाल्यावर तवा निवेपर्यंत जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात होते.

महिन्यातून एकदा तेलाची पट्टी पाहा. गाडी सपाट जागी, इंजिन बंद करून दहा मिनिटे झालेली. पट्टी ओढून पांढऱ्या फडक्याने पुसा, पुन्हा पूर्ण आत घालून काढा. तेल दोन खुणांच्या मध्ये हवे. नवी गाडी आहे, तेल कशाला कमी होईल, असे मानू नका. मी दोन वर्षांत ती पट्टी एकदाही ओढली नव्हती, हे तुमच्यापाशी कबूल करते.

फडक्यावरचा डाग उन्हात पाहा. नुसता काळेपणा वाईट नव्हे. डिझेलच्या गाडीचे तेल तर बदलल्यावर लगेच काळे होते. चमचम दिसते का, ते पाहायचे. दुधाळ कॉफीसारखा रंग दिसला तर तेलात पाणी शिरत असण्याची शक्यता असते. तेही दाखवून घ्यावे.

तेल बदलताना समोर उभ्या राहा. खालच्या बोल्टला पुष्कळदा चुंबक असतो. त्यावर करड्या लगद्याचा पातळ लेप असला तर चालतो. काटा, कपचा, पापुद्रा नको. जुना फिल्टर मागून घ्या. पण तापलेल्या तेलात बोट घालू नका, आणि गार तेलही हाताला लागले तर साबणाने धुऊन टाका. वापरलेले तेल कातडीला चांगले नाही. ते मोरीत ओतू नये, आणि वाळवीसाठी लाकडाला फासायला घरीही आणू नये. सेंटरलाच राहू द्यावे.

समोरच्या पट्टीवर तेलाच्या झारीचे लाल चित्र असते. किल्ली फिरवल्यावर ते क्षणभर लागते आणि इंजिन सुरू झाले की विझते. चालत्या गाडीत ते लागले तर 'घर जवळच आहे' म्हणू नका. रस्त्याच्या कडेला घेऊन इंजिन बंद करा, लगेच. दूध उतू जाताना आपण 'पुढच्या ओळीपर्यंत वाचते' म्हणतो का?

आणि गाडी नवी कोरी असेल तर पहिले हजार किलोमीटर तिला नव्या सुनेसारखे वागवा. एकदम ओझे नको, एकदम धाव नको, तासन्‌तास एकाच वेगाने पळवणे नको. सकाळी सुरू केल्याबरोबर जोरात रेस करू नका. तेल वरपर्यंत पोचायला थोडा अवधी लागतो.

कागद सांभाळा

किराणाच्या याद्या आपण डब्यात जपून ठेवतो, मग गाडीचीही एक फाईल करा. प्रत्येक सर्व्हिसचे बिल, जॉबकार्ड, कोणते तेल घातले, किती किलोमीटरला. वॉरंटीची मुदत कॅलेंडरवर लाल शाईने लिहा. तक्रार तोंडी केली तरी पाठोपाठ लेखी करा, आणि मुदतीच्या आत करा. एवढे करूनही कुणी दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते. आमच्यावर ती वेळ आली नाही. पण नंबर मात्र फ्रिजवर चिकटवलेला आहे.

आता शेवटचे सांगते. दुरुस्तीनंतर मॅनेजरांना सांगून मी तेल लवकर बदलून घेतले, दीड हजार किलोमीटरलाच. काचेआड न बसता गाडीखाली उभी राहिले. या खेपेला मला कुणी अडवले नाही, उलट त्या पान्यावाल्या मुलाने स्टूल आणून दिले. धार पडली, आणि तीत पुन्हा चंदेरी झाक! पोटात गोळा आला. पण कागदावर घेतले, बोटांत चोळले, चुंबक फिरवला. पिठासारखी बारीक धूळ, पापुद्रा एकही नाही, तांबूस काही नाही. नव्या भागांचे पहिले दळण होते ते. त्यानंतरच्या तेलात झाक जवळजवळ नाहीशी झाली होती.

त्या दिवशी घाट उतरताना मी रेडिओ लावला. अण्णा डोळे मिटून ऐकत होते. मध्येच म्हणाले, "सूनबाई, झालं का गं तेलाचं?"

"झालं अण्णा. कचकच गेली."

तर मैत्रिणींनो, गाडीच्या पुढच्या सर्व्हिसला ह्यांच्याबरोबर तुम्हीही जा. पर्समध्ये एक पांढरा कागदी रुमाल ठेवा, आणि 'असतंच' असे कुणी म्हणाले तर गोड हसून म्हणा, "मग तेवढं लिहून द्या हं!"